‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणण्यापूर्वी...

‘सर्व्हर डाऊन आहे!’

आपल्या हॉस्टेलमध्ये दिवसातून एकदा तरी हे वाक्य कानावर पडतंच. मेसचं कूपन निघत नाही, सर्व्हर डाऊन. लायब्ररीत पुस्तक परत घेत नाहीत, सर्व्हर डाऊन. बोनाफाईड मागायला ऑफिसच्या खिडकीवर जावं तर, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ पूर्वी म्हणे ‘साहेब जागेवर नाहीत’ असं उत्तर मिळायचं. आता साहेब जागेवर असतात, सर्व्हर नसतो!

मित्रांनो, मी इथे कुणाची थट्टा करायला बसलेलो नाही. हे वाक्य बोलून सगळ्यात मोठा घोळ मीच घालून ठेवला आहे. गेल्या सेमिस्टरला मिनी प्रोजेक्टच्या सबमिशनच्या रात्री काय झालं ते हॉस्टेलमध्ये बऱ्याच जणांना अर्धवट माहीत आहे. ते पूर्ण सांगावं आणि त्यावरून माझं जे मत बनलं तेही मांडावं, म्हणून हा लेख. मत थोडक्यात असं : सर्व्हर बंद पडलाय असं वाटलं की आधी दोन मिनिटं त्याची अवस्था बघावी, मगच त्याला हात लावावा. आणि ही अवस्था बघायची सोय आपल्या कॉलेजात विद्यार्थ्यांनाही असावी.

तर ती रात्र. सबमिशनची मुदत बारा वाजेपर्यंत. आपली सबमिशनची साइट ज्या मशीनवर चालते तो काही फार मोठा सर्व्हर नाही. मागच्या लॅबमध्ये टेबलाखाली ठेवलेला एक जुना काळा डबा आहे, चार कोअरचा. साइट आपल्याच कुठल्यातरी जुन्या सीनियर्सनी लिहिलेली. रात्री साडेदहाला ग्रुपवर मेसेज सुरू झाले. ‘साइट उघडत नाहीये.’ ‘फिरतंय नुसतं.’ ‘कुणीतरी बघा रे!’ मी कॉम्प्युटरच्या कमिटीत, म्हणजे ‘कुणीतरी’ मीच. वॉचमन काकांकडून चावी घेतली आणि लॅबमध्ये गेलो.

पिंग केलं, उत्तर आलं. म्हणजे मशीन जिवंत आहे. साइट मात्र उघडेना. मग मी इंटरनेटवर शोधलं. पहिल्याच उत्तरात लिहिलं होतं की डेटाबेसची प्रोसेस ‘किल वजा नऊ’ करा आणि पुन्हा सुरू करा. केलं. प्रोसेस मरेना. परत केलं. तिसऱ्यांदा केलं. ढिम्म! ‘किल नाईन’ने सगळं मरतं असं आपण ऐकलेलं असतं, इथे तर ते ब्रह्मास्त्रही फुकट गेलं. तेवढ्यात फोनवर फोन. शेवटी दहा पन्नासला मी पॉवरचं बटण दाबून धरलं.

मशीन परत चालू झालं, साइट उघडली. ग्रुपवर ‘भाई ग्रेट’, ‘जियो’ वगैरे सुरू झालं. मला स्वतःलाही मोठा इंजिनियर झाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू! ते पंधरा मिनिटं टिकलं. मग पहिला मेसेज आला, ‘आमचं अपलोड दिसत नाहीये.’ मग दुसरा. मग रांगच लागली.

दुसऱ्या दिवशी लॅब असिस्टंट काकांनी शांतपणे लॉग उघडून दाखवला. रोज रात्री दहाला त्या मशीनवर बॅकअप सुरू होतो. एका जुन्या यूएसबी डिस्कवर सगळा डेटा उतरवला जातो आणि साधारण सव्वाअकराला काम संपतं. त्या आठवड्यात अपलोड जास्त, म्हणून डिस्कवर ताण जास्त. हळू डिस्कवर लिहायचं काम मेमरीत साठत गेलं की लिनक्स बाकीच्या प्रोसेसचं लिहिणंही थोपवून धरतो. डेटाबेस बंद पडलेला नव्हताच, तो आपली पाळी येण्याची वाट बघत होता. अजून अर्धा तास मी नुसता खुर्चीवर बसून राहिलो असतो तर साइट आपोआप चालू झाली असती. मी मध्येच वीज तोडली, त्यात डेटाबेसची टेबलं खराब झाली. ती जुन्या पद्धतीची होती, अचानक बंद पडल्यावर स्वतःला सावरून घेण्याची सोय त्यांच्यात नाही. आणि बॅकअप? तो रोज त्याच फाइलवर लिहिला जायचा. म्हणजे कालचा पुसला गेला होता आणि आजचा मी अर्ध्यात कापला होता.

काका एवढंच म्हणाले, ‘अरे, एकदा पीएस मारून बघितलं असतंस तर बॅकअप चालू आहे हे पहिल्या पानावरच दिसलं असतं.’

सरांनी मुदत दोन दिवस वाढवली. बहुतेक गटांकडे लॅपटॉपवर प्रत होती, त्यांनी परत अपलोड केलं, विषय संपला. एक गट मात्र असा होता की त्या तिघांपैकी कुणाकडेच लॅपटॉप नाही. त्यांनी अख्खा रिपोर्ट लॅबमध्ये बसून थेट साइटवरच टाइप केला होता. त्यांनी तो दोन रात्री जागून परत लिहिला. त्यांच्यातला एक जण मेसमध्ये रोज माझ्या समोर बसायचा. त्या दिवशी तो मला काही बोलला नाही. ताट उचललं आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. लेख लिहायचं खरं कारण ते आहे.

आता मुद्द्याकडे येतो. ‘डाऊन’ हा शब्द आपण एखाद्या पोत्यासारखा वापरतो. वाट्टेल ते त्यात कोंबायचं! प्रत्यक्षात प्रोसेसच्या वेगवेगळ्या अवस्था असतात आणि प्रत्येकीवर उपाय वेगळा असतो. आपलं पनवेलचं एसटी स्टँड डोळ्यांसमोर आणा. तुम्ही ‘चौकशी’च्या खिडकीवर गेलात आणि कंट्रोलरने फक्त ‘गाडी नाही’ एवढंच सांगितलं तर तुम्ही भांडाल की नाही? गाडी रद्द झाली, का अजून डेपोतून सुटायचीय, का बोरघाटात अडकलीय? तिन्हीत फरक आहे. रद्द असेल तर दुसरी गाडी बघायची, घाटात असेल तर चहा प्यायचा.

पीएस म्हणजे हीच चौकशीची खिडकी. तिच्यात ‘स्टॅट’ नावाचा एक रकाना असतो, त्यात एकेक अक्षर येतं. ‘आर’ म्हणजे गाडी रस्त्यावर धावतेय किंवा सुटायला तयार आहे. ‘एस’ म्हणजे फलाटावर उभी, प्रवासी आले की निघेल. सर्व्हरवरच्या बहुतेक प्रोसेस बहुतेक वेळ याच अवस्थेत असतात आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. ‘टी’ म्हणजे कुणीतरी मुद्दाम थांबवून ठेवलेली. ‘डी’ म्हणजे घाटात अडकलेली. डिस्कचं किंवा तसलंच काम पूर्ण होईपर्यंत ती कुणाचंही ऐकत नाही, कंट्रोलरने स्टँडवरून कितीही ओरडलं तरी उपयोग नाही. माझं ब्रह्मास्त्र फुकट का गेलं याचं उत्तर या एका अक्षरात होतं. आणि ‘झेड’ म्हणजे झाँबी. गाडी केव्हाच डेपोत जाऊन उभी राहिली, पण कंट्रोलरच्या वहीत तिची नोंद बंद केलेली नाही. मेलेल्या प्रोसेसला परत मारता येत नाही. तिला जन्म देणाऱ्या प्रोसेसने तिचा निकाल विचारून घेतला की ती नोंद जाते.

किलचंही तसंच. नुसतं किल म्हटलं की १५ नंबरचा सिग्नल जातो. त्याचा अर्थ, ‘बाबा रे, आवरून घे आणि नीघ.’ प्रोसेस फाइली बंद करते, अर्धं काम नीट मिटवते आणि जाते. नऊ नंबरच्या सिग्नलमध्ये आवरायला वेळच मिळत नाही, प्रोसेसला तो अडवताही येत नाही. आपण व्हायव्हात दोन्हींची व्याख्या घडाघडा म्हणतो आणि प्रसंग आला की सरळ नऊवर जातो. मीही गेलो.

गंमत म्हणजे ही सगळी माहिती लपवून ठेवलेली नसते. लिनक्समध्ये ‘प्रॉक’ नावाच्या डिरेक्टरीत प्रत्येक चालू प्रोसेसची तिच्या नंबराची एक डिरेक्टरी दिसते. त्या फाइली डिस्कवर कुठेही नसतात, आपण वाचायला गेलो की कर्नल तिथल्या तिथे तयार करून देतो. प्रोसेस फाइलसारख्या दाखवायची ही कल्पना बेल लॅब्जमध्ये टॉम किलियन यांनी १९८४ साली युनिक्सच्या आठव्या आवृत्तीत आणली. लिनक्सवर पीएस आणि टॉप तिथूनच वाचून आपल्याला रकाने मांडून दाखवतात. म्हणजे सर्व्हर सांगायला तयारच असतो, विचारणारा पाहिजे.

त्या रात्रीनंतर काकांनी मला पाच प्रश्न लिहून दिले. ते मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहेत. तुमच्याही कामाला येतील.

पहिला प्रश्न : मशीनवर भार किती? ‘अपटाइम’ म्हटलं की शेवटी तीन आकडे येतात. गेल्या एका मिनिटाचा, पाच मिनिटांचा आणि पंधरा मिनिटांचा सरासरी भार. चार कोअरच्या मशीनवर चारच्या आत असेल तर साधारण ठीक. पहिला आकडा मोठा आणि तिसरा लहान म्हणजे त्रास आत्ताच सुरू झालाय, उलट असेल तर ओसरतोय. लिनक्समध्ये या भारात ‘डी’मध्ये अडकलेल्या प्रोसेसही मोजतात. म्हणून भार खूप आणि सीपीयू रिकामा असं दिसलं की डिस्ककडे बघायचं.

दुसरा : जागा आहे का? ‘डीएफ’ मारायचं. डिस्क शंभर टक्के भरली की भलभलते प्रोग्राम भलभलते रडायला लागतात. मेमरीसाठी ‘फ्री’. मेमरी अगदीच संपली तर कर्नल स्वतःच एखादी प्रोसेस मारून टाकतो आणि तशी नोंदही ठेवतो. मग आपण ‘डेटाबेस आपोआप बंद पडतोय’ म्हणत बसतो.

तिसरा : कोण काय करतंय? पीएस आणि टॉप. कुठली प्रोसेस, कुणाची, कधीपासून चालू, कुठल्या अवस्थेत.

चौथा : सर्व्हिस स्वतःबद्दल काय म्हणते? ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’ आणि पुढे सर्व्हिसचं नाव. चालू आहे का, केव्हापासून, मुख्य प्रोसेसचा नंबर काय आणि लॉगच्या शेवटच्या ओळी, हे सगळं एका पडद्यावर येतं. जास्त मागचं हवं असेल तर ‘जर्नलसीटीएल’.

पाचवा : ती खरंच उत्तर देते का? ‘एसएस’ने पोर्ट उघडा आहे का ते बघायचं आणि त्याच मशीनवरून ‘कर्ल’ने पान मागून बघायचं. कारण स्टेटसमध्ये हिरव्या अक्षरात ‘ॲक्टिव्ह’ आलं म्हणजे काम होतंय असं नाही. प्रोसेस हजर असणं आणि लेक्चरला लक्ष असणं यात जो फरक आहे तो तुम्हाला मी काय सांगायचा!

पाची प्रश्नांना मिळून दोन मिनिटं लागतात. यातल्या एकाही कमांडने सर्व्हरचं काही बिघडत नाही, सगळ्या नुसत्या बघणाऱ्या आहेत.

‘पण रीस्टार्ट केलं की चालू होतं ना!’ असं बरेच जण म्हणतात. होतं, पुष्कळदा होतं. पण रीस्टार्टबरोबर पुरावाही जातो. कोण अडकलं होतं, किती वेळ, कशासाठी, ते सगळं पुसलं जातं आणि पुढच्या आठवड्यात तोच त्रास परत. शिवाय दर वेळी होतंच असंही नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली विंडोज मशीन्स कोसळली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख. आपल्याकडे काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यातल्या बहुतेक मशीन्सवर परत चालू केलं की परत निळा पडदा येत होता. नेमकी कुठली फाइल आड येतेय ते शोधून ती काढल्यावरच मशीन्स उठली.

दुसरं उदाहरण आपल्या मुंबईचं. २४ फेब्रुवारी २०२१ ला नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवावे लागले आणि ते परत सुरू झाले दुपारी पावणेचारला. त्या दिवशी बाजार संध्याकाळी पाचपर्यंत चालू ठेवला. एक्स्चेंजने सांगितलेलं कारण होतं दूरसंचार कंपन्यांच्या लिंकमधला बिघाड, त्याचा परिणाम जोखीम तपासणाऱ्या यंत्रणेवर झाला. म्हणजे दुखणं लिंकमध्ये आणि परिणाम दुसरीकडेच. अशा वेळी समोर दिसणाऱ्या मशीनचं बटण दाबून काय होणार? एवढ्या मोठ्या ठिकाणीही पहिला प्रश्न तोच : नेमकं काय थांबलंय आणि कशासाठी थांबलंय?

आता माझी मागणी. मी सरांना सुचवलं होतं की प्रत्येक विद्यार्थ्याला सर्व्हरवर फक्त बघण्यापुरतं लॉगिन द्यावं. सरांनी ते नाकारलं आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला पटलं. पीएसमध्ये प्रत्येक प्रोसेसची पूर्ण कमांड दिसते. कुणी आळसाने कमांडमध्येच पासवर्ड लिहिला असेल तर तोही सगळ्या गावाला दिसतो. प्रॉकमध्ये दुसऱ्याच्या प्रोसेस लपवायची सोय आहे, पण मग बघायला उरतं काय? आणि शेकडो लॉगिन सांभाळायला काका एकटेच!

म्हणून मी मागणी बदलली आहे. एक, दर पाच मिनिटांनी त्या मशीनने स्वतःचा भार, डिस्कची जागा, मुख्य सर्व्हिसेस चालू की बंद आणि बॅकअप चालू आहे का, एवढं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून दुसऱ्या मशीनवर पाठवावं. हॉस्टेलच्या लॅनवर ते पान कुणालाही दिसावं. क्रॉनमध्ये टाकायच्या दहा-बारा ओळींचं काम आहे, मी करून द्यायला तयार आहे. दुसऱ्या मशीनवर अशासाठी की पहिलं अडकलं तर शेवटची वेळ तिथेच थांबलेली दिसेल, तीही माहितीच. दोन, दर वर्षी चार-पाच विद्यार्थ्यांना काकांनी शिकवून बघण्यापुरतं लॉगिन द्यावं. रीस्टार्टचा अधिकार काकांकडेच राहावा. तीन, सर्व्हरशेजारी एक वही असावी. ज्याने हात लावला त्याने वेळ, आधी काय दिसलं आणि काय केलं ते लिहावं. दोनशे पानी वही कॉलेजच्या स्टोअरमध्ये मिळते! बॅकअप रोज वेगळ्या नावाने ठेवायचं काकांनी आधीच सुरू केलं आहे, त्याबद्दल त्यांचे आभार.

स्टाफमधल्या वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ म्हणण्याऐवजी ते पान बघून ‘बॅकअप चालू आहे, पाऊण तासाने या’ असं सांगता आलं तर महाडहून, पेणहून येणाऱ्या मुलाची एक फेरी वाचेल. अवस्था कळली की माणसाला पुढचं ठरवता येतं.

काही मित्र म्हणतात, आता सगळं क्लाउडवर, सुंदर ग्राफ असतात, काळ्या पडद्यावर कोण टाइप करत बसणार? ग्राफ असावेत, मलाही आवडतात. पण क्लाउड म्हणजे शेवटी कुणाच्या तरी खोलीत ठेवलेली मशीन्सच. आपल्या पनवेलमध्येच योट्टा कंपनीचं ७,२०० रॅक मावतील एवढं डेटा सेंटर २०२० च्या जुलैत सुरू झालं. महापे, ऐरोलीकडेही अशी सेंटर्स आहेत. तिथल्या मशीनवर काम करणारा माणूस बहुधा दुसऱ्याच शहरात बसलेला असतो. त्याच्या हाताला पॉवरचं बटण लागत नाही. तो लॉगिन करतो आणि आधी बघतो. आपल्यातले कित्येक जण उद्या हीच नोकरी करणार. आणि शिकायला पैसेही लागत नाहीत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात. ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलला आपण या कमांड जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवतो, सही घेतो आणि विसरतो. त्याऐवजी एक प्रॅक्टिकल असं ठेवा की एक मशीन मुद्दाम अडकवायचं आणि का अडकलं ते विद्यार्थ्याने शोधायचं. दहा मार्कांचं का होईना!

त्या तीन मित्रांची मी माफी मागितली, त्यांनी ती दिली. जो दुसऱ्या टेबलावर गेला होता तो परत समोर बसायला लागला आहे. परवा त्याने विचारलं, ‘ते पीएस का काय ते, दाखव ना एकदा.’ जेवण झाल्यावर आम्ही दोघं लॅबमध्ये गेलो. रात्रीचे दहा वाजून गेले होते. यादीत बॅकअप दिसत होता आणि त्याच्यापुढे ‘डी’. साइट उघडायला थोडा वेळ घेत होती.

आम्ही कशालाही हात लावला नाही. सव्वाअकराला तो संपला.